भागीदारी मोडताना : ब्रिटनने युरोपचा बाजार सोडला, त्यातून आपण काय शिकावे?



२४ जून २०१६ चा दिवस मला चांगला आठवतो. रमजान चालू होता आणि जुम्मा होता. दुकान उघडायच्या वेळेलाच ओळखीच्या एका निर्यातदाराचा फोन आला. भिवंडी-मालेगावचे कापड घ्यायचे, त्याच्या चादरी-पडदे शिवून इंग्लंडला पाठवायचे, असा त्याचा धंदा. म्हणाला, "भाई, सहरीला उठलो तेव्हा नफ्यात होतो, आता तोट्यात आहे." गोदामाला आग लागली नव्हती, जहाज बुडाले नव्हते, गिऱ्हाईकही पळाले नव्हते. फक्त आदल्या दिवशी ब्रिटनच्या लोकांनी युरोपीय संघातून बाहेर पडायचा कौल दिला होता आणि पौंड कोसळला होता.

आपल्यातले बरेच लोक म्हणतात, विलायतेत काय चालते त्याच्याशी आमच्या मागाचा काय संबंध? त्या फोननंतर मी हे म्हणणे सोडून दिले. एखादा देश व्यापारी गटातून बाहेर पडतो तेव्हा नेमके काय घडते, कोणाला कसली धास्ती असते, त्यातली खरी कोणती ठरते आणि खोटी कोणती, हे आपण कारागीर-व्यापाऱ्यांनी समजून घेतले पाहिजे. म्हणून हा धडा.

व्यापारी गट म्हणजे काय?

जुन्या व्यापाऱ्यांना मुलुंड आणि दहिसरचे जकात नाके आठवत असतील. (आपली दीनी जकात वेगळी, ही नाक्यावरची जकात वेगळी. पहिलीने माल पाक होतो, दुसरीने ट्रक अडतो!) मुंबईत माल न्यायचा तर रांगेत उभे राहा, कागद दाखवा, पैसे भरा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. नाका गेला, तसा ट्रकचा तेवढा वेळ वाचला. देशांचे गट हेच काम मोठ्या प्रमाणावर करतात.

या गटांच्या तीन पायऱ्या असतात. त्या नीट ध्यानात ठेवा, पुढचा सगळा झगडा त्यावरच आहे.

पहिली पायरी मुक्त व्यापार कराराची. दोन देश एकमेकांच्या मालावर कस्टम ड्यूटी घेत नाहीत. पण माल खरोखर त्याच देशात बनला आहे, हे सिद्ध करावे लागते. नाका तिथेच राहतो, फक्त पावतीवरचा आकडा शून्य होतो.

दुसरी पायरी सीमाशुल्क संघाची, म्हणजे कस्टम युनियनची. आतल्या देशांत ड्यूटी नाही आणि बाहेरच्या मालावर सर्वांची ड्यूटी एकच. मग आतल्या सीमेवर "हा माल मुळात कुठला?" असे विचारायचे कारण उरत नाही. मात्र बाहेरच्या देशाशी स्वतंत्र सौदा करायचा अधिकार कोणा एकाकडे राहत नाही.

तिसरी पायरी एकल बाजाराची. तिथे मालाचा दर्जा, लेबल, तपासणी यांचे नियमही एक होतात आणि मालाबरोबर पैसा, सेवा व माणसेही मोकळेपणाने फिरतात. ब्रिटन आत होता तेव्हा पोलंडचा गवंडी लंडनमध्ये काम करू शकत असे आणि लंडनचा वकील पॅरिसमध्ये.

१९५७ च्या रोम करारात फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, हॉलंड व लक्झेंबर्ग हे सहा देश एकत्र आले. ब्रिटनला नंतर आत यायचे होते, पण फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी १९६३ आणि १९६७ अशी दोनदा वाट अडवली. शेवटी १ जानेवारी १९७३ ला ब्रिटन आत आला. १९७५ मध्ये तिथे जनमत घेतले, तेव्हा ६७ टक्के लोक "आत राहू" म्हणाले. १९९३ पासून एकल बाजार सुरू झाला. म्हणजे ब्रिटन तिसऱ्या पायरीवर उभा होता आणि त्याच्या निर्यातीचा सुमारे ४४ टक्के हिस्सा याच बाजारात जात होता. जो व्यापारी आपला जवळजवळ निम्मा माल एकाच बाजारात विकतो, त्याने त्या बाजाराची किल्ली परत देताना दहा वेळा विचार करावा, हे सांगायला अर्थशास्त्री लागत नाही.

मग बाहेर का पडले?

बाहेर पडणारे सगळे वेडे होते असे समजू नये. त्यांच्याही तक्रारी होत्या. कायदे ब्रुसेल्समध्ये ठरतात आणि आमच्या संसदेला मान डोलवावी लागते, ही एक. आम्ही वर्गणी जास्त भरतो, ही दुसरी. तिसरी परदेशी मजुरांची. १ मे २००४ ला पूर्व युरोपातले देश संघात आले तेव्हा जुन्या सभासदांपैकी ब्रिटन, आयर्लंड व स्वीडन यांनीच आपला मजूर बाजार त्यांच्यासाठी लगेच खुला केला. पोलंडहून लाखो लोक आले. त्यांनी मेहनत केली, कर भरला; पण ज्या गावांत काम आधीच कमी होते तिथे नाराजी वाढली.

यात आपल्या धंद्याची एक गोष्ट आहे. लँकेशायर म्हणजे एकेकाळी जगाला कापड पुरवणारा मुलूख. ज्या गिरण्यांच्या कापडाने आपल्या हातमागाला मार दिला, त्या याच भागातल्या. पुढे त्याही बंद पडल्या. तिथले बर्नली हे गाव, जिथे कधी मागांचा आवाज थांबत नसे, तिथे तीनातल्या दोघांनी "बाहेर पडा" म्हणून मत दिले. यॉर्कशायरच्या ब्रॅडफर्डमध्ये, जिथल्या लोकरीच्या गिरण्यांत रातपाळी करायला मीरपूरची माणसे गेली होती, तिथेही ५४ टक्के मते बाहेर पडण्यासाठी होती. गिरण्या काही युरोपीय संघाने बंद पाडल्या नव्हत्या. लँकेशायरच्या सुती धंद्याची उतरण पहिल्या महायुद्धानंतरच लागली होती, ब्रिटन युरोपच्या बाजारात येण्याच्या कितीतरी आधी. पण ज्याचा माग बंद पडतो त्याला कोणावर तरी राग काढायचा असतो. आपण मालेगाव-भिवंडीकरांनी हा राग ओळखला पाहिजे, आणि तो कुठे नेऊन सोडतो हेही पाहिले पाहिजे.

२३ जून २०१६ ला मतदान झाले. ५१.९ टक्के बाहेर पडण्याच्या बाजूने, ४८.१ टक्के राहण्याच्या बाजूने. १ कोटी ७४ लाख विरुद्ध १ कोटी ६१ लाख. मतपत्रिकेवर प्रश्न एवढाच होता, राहायचे की सोडायचे? सोडायचे तर वर सांगितलेल्या तीन पायऱ्यांपैकी किती उतरायच्या, हे विचारलेच नव्हते. पुढच्या सगळ्या गोंधळाचे मूळ इथे आहे.

पहिली चिंता : चलन

पौंड त्या रात्री सुमारे दीड डॉलरवरून १.३२ डॉलरच्या आसपास आला. १९८५ नंतर इतका खाली तो कधी गेला नव्हता. रुपयात सांगायचे तर मतदानापूर्वी पौंड शंभराच्या आसपास होता, तो वर्ष संपेपर्यंत ८३-८४ च्या घरात आला.

आता हिशेब मांडा. समजा, एखाद्याने १० हजार पौंडांची ऑर्डर घेतली आहे. सौदा केला त्या दिवशी त्याच्या मनात १० लाख रुपये होते. सूत, सायझिंग, विणाई, रंगाई, शिलाई मिळून खर्च ९ लाख. नफा १ लाख. पैसे हातात आले तेव्हा पौंड ८३ वर. म्हणजे ८ लाख ३० हजार. नफा तर गेलाच, वर ७० हजार घरातून गेले. मजुराने मजुरी सोडली नाही, सूतवाल्याने बिल कमी केले नाही. सगळा फटका मधल्या माणसाला. त्यातच ८ नोव्हेंबरला आपल्याकडे नोटबंदी आली. त्या सालाने अनेकांची कंबर मोडली.

इंग्लंडच्या घरांत उलट बाजू दिसली. तो देश धान्य, फळे, कपडे बाहेरून आणतो. पौंड स्वस्त झाला की बाहेरचा माल महाग. म्हणजे कौल देणाऱ्याच्या खिशालाही त्याची झळ लागली.

दुसरी चिंता : कागद

२९ मार्च २०१७ ला ब्रिटनने बाहेर पडण्याची रीतसर नोटीस दिली. संघाच्या करारातील कलम ५० नुसार त्याला दोन वर्षांची मुदत असते. या मुदतीत काम उरकले नाही. थेरेसा मे यांनी आणलेला करार जानेवारी २०१९ मध्ये संसदेने ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला. तारखा पुढे गेल्या. पुढे बोरिस जॉन्सन डिसेंबर २०१९ ची निवडणूक जिंकले आणि ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन बाहेर पडला. ३१ डिसेंबर २०२० पर्यंत जुनेच नियम चालू ठेवले. नवा व्यापार करार ठरला तो २४ डिसेंबरला, म्हणजे मुदत संपायच्या एक आठवडा आधी! ज्या व्यापाऱ्याचा माल जानेवारीत जायचा होता त्याला हजारांहून अधिक पानांचे नियम वाचायला एक आठवडा मिळाला.

करारात ड्यूटी शून्य ठेवली. वर्तमानपत्रांनी लिहिले, चला, सुटलो. पण ही पहिली पायरी होती, तिसरी नव्हे. नाका परत आला. प्रत्येक खेपेला कस्टमचा फॉर्म, खाण्याच्या मालाला आरोग्य दाखला, लाकडी पॅलेटलासुद्धा प्रक्रियेचा शिक्का. मोठ्या कंपन्यांनी माणसे नेमली, हॉलंड-जर्मनीत गोदामे घेतली. छोट्याने काय करावे? एका पार्सलमागे कागदाचा खर्च नफ्यापेक्षा जास्त होऊ लागला, तेव्हा त्याने युरोपचे गिऱ्हाईक सोडून दिले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या अभ्यासकांनी २०२४ मध्ये अंदाज दिला की युरोपला माल पाठवणाऱ्या ब्रिटिश पेढ्यांपैकी सुमारे १४ टक्के, म्हणजे १६,४०० च्या आसपास पेढ्यांनी तिथली निर्यातच बंद केली. हे सगळे बहुधा आपल्यासारखे छोटे लोक. मोठ्यांच्या आकडेवारीत त्यांचे बंद होणे दिसतही नाही.

तिसरी चिंता : मालाचे मूळ

हा भाग कापडवाल्यांनी दोनदा वाचावा.

बांगलादेशात शिवलेला शर्ट ब्रिटनमध्ये विनाड्यूटी जातो, कारण तो देश अल्पविकसित गणला गेला आहे. युरोपीय संघातही तो त्याच कारणाने विनाड्यूटी जातो. पूर्वी हा शर्ट इंग्लंडच्या गोदामात उतरायचा आणि तिथून डब्लिनच्या दुकानात जायचा. मधे काही नव्हते. १ जानेवारी २०२१ नंतर तोच शर्ट इंग्लंडहून डब्लिनला गेला की कस्टमवाला विचारतो, "हा ब्रिटनमध्ये बनला का?" नाही. "मग शून्य ड्यूटी नाही, साधारण १२ टक्के भरा." ढाक्याहून सरळ डब्लिनला गेला असता तर शून्य, इंग्लंडमार्गे गेला तर १२ टक्के!

शिलाईवाल्याचेही तेच. लेस्टर शहरात कपडे शिवण्याचे बरेच कारखाने आहेत आणि तिथे आपल्या उपखंडातले मालक-कारागीर मोठ्या संख्येने आहेत. भारतातून कापड आणले, लेस्टरमध्ये कापून शिवले, तर तो शर्ट ब्रिटिश की नाही? नव्या कराराचा सर्वसाधारण नियम असा की नुसत्या शिलाईने भागत नाही, कापडही ब्रिटनमध्ये किंवा संघात विणलेले हवे. म्हणजे कारागीर तिथला, सुई तिथली, तरी शर्ट परदेशी!

म्हणून "ड्यूटी शून्य" हे दोन शब्द ऐकून खूश होऊ नये. शून्य कोणत्या मालाला, कोणत्या कागदावर, हे विचारावे.

चौथी चिंता : माणसे

प्रचारात एक मोठी लाल बस फिरत होती. तिच्यावर लिहिले होते की आपण संघाला दर आठवड्याला ३५ कोटी पौंड देतो, ते आपल्या सरकारी दवाखान्यांना देऊ. त्या आकड्यात ब्रिटनला मिळणारी सूट वजा केलेली नव्हती, संघाकडून शेतीला व मागास भागांना परत येणारा पैसाही नव्हता. देशाच्या आकडेवारी प्राधिकरणाने हा आकडा दिशाभूल करणारा आहे असे सांगितले, तरी बस फिरतच राहिली. जमाखर्चात फक्त नावे बाजू दाखवून जमेची झाकणे, याला आपल्या बाजारात काय म्हणतात ते सांगायला नको.

दुसरा वायदा आपल्या उपखंडातल्या लोकांना होता. तिथल्या हॉटेल धंद्यात, ज्याला ते करी हाऊस म्हणतात, बांगलादेशी मालक पुष्कळ. स्वयंपाकी मिळत नाहीत ही त्यांची जुनी तक्रार. त्या वेळी सरकारात असलेल्या प्रीती पटेल यांच्यासारख्या नेत्यांनी सांगितले, युरोपच्या मजुरांना दार बंद झाले की तुमच्या देशातून माणसे आणायला वाव मिळेल. काही हॉटेलवाल्यांनी त्यावर भरवसा ठेवून बाहेर पडण्याला पाठिंबा दिला. पुढे परवान्यासाठी पगाराची अट अशी राहिली की छोट्या हॉटेलला ती झेपेना, आणि तेच मालक आमची फसगत झाली म्हणू लागले. दुसऱ्याचे दार बंद झाल्याने आपले उघडते, हा हिशेब क्वचितच खरा ठरतो.

२०२१ च्या सप्टेंबरात ट्रक ड्रायव्हर कमी पडून पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. सरकारला लष्कराचे ड्रायव्हर बोलवावे लागले आणि परदेशी ड्रायव्हरांसाठी ५ हजार तात्पुरते परवाने जाहीर करावे लागले. त्यात करोनाचाही वाटा होता, हे खरे. पण गेलेली माणसे हाक मारली की लगेच परत येत नाहीत, हेही दिसले.

सर्वात दुःखाची बाब वेगळीच आहे. वाद होता युरोपशी, पण प्रचारात तुर्कस्तानची भीती घातली गेली, निर्वासितांच्या रांगांची पोस्टरे लागली. यॉर्कशायरमध्ये बॅटली नावाचे जुने लोकरी कापडाचे गाव आहे. तिथे गुजरातहून गेलेल्या मुसलमानांची मोठी वस्ती आहे. तिथल्या खासदार जो कॉक्स, निर्वासितांच्या बाजूने बोलणाऱ्या बाई, यांचा १६ जून २०१६ ला, मतदानाच्या एक आठवडा आधी, एका वंशद्वेषी माणसाने खून केला. चारच दिवसांनी बॅरोनेस सईदा वारसी यांनी द्वेषाचा प्रचार असह्य झाल्याचे सांगून बाहेर पडणाऱ्यांची बाजू सोडली. त्या वर्षीच्या जुलैत वंश किंवा धर्मावरून झालेल्या गुन्ह्यांची पोलिसांतली नोंद आदल्या जुलैपेक्षा ४१ टक्क्यांनी वाढली. आपल्या गुजरात-कोकणातली घराणी तिथे स्थायिक आहेत. त्यांचा ब्रुसेल्सच्या कायद्याशी काय संबंध होता? बाजार मंद झाला की परका दोषी ठरतो, हे त्यांनी दुकानाच्या काउंटरवर बसून पाहिले.

पाचवी चिंता : घरातली फूट

एकत्र कुटुंबाने गावकीशी भांडण काढले आणि भांडता भांडता भावाभावांतच वाटणीची गोष्ट निघाली, असे आपण पाहतो. ब्रिटनचे तसेच झाले. स्कॉटलंडच्या ६२ टक्के आणि उत्तर आयर्लंडच्या जवळपास ५६ टक्के मतदारांना संघात राहायचे होते. इंग्लंड आणि वेल्सच्या मतांनी त्यांना बाहेर नेले. स्कॉटलंडमध्ये वेगळे होण्याची मागणी पुन्हा निघाली.

उत्तर आयर्लंडचा प्रश्न तर रक्ताचा होता. १० एप्रिल १९९८ च्या करारानंतर तिथला तीस वर्षांचा हिंसाचार थांबला आणि आयर्लंडशी असलेली सुमारे ५०० किलोमीटरची सीमा मोकळी झाली. आता आयर्लंड संघात आणि उत्तर आयर्लंड ब्रिटनबरोबर बाहेर. मग नाका कुठे बांधायचा? सीमेवर बांधला तर शांतता धोक्यात. शेवटी समुद्रात बांधला. ब्रिटनमधून ब्रिटनच्याच उत्तर आयर्लंडमध्ये जाणाऱ्या मालाची तपासणी सुरू झाली. मुंबईहून रत्नागिरीला माल पाठवताना कस्टमचा फॉर्म भरावा लागला तर कसे वाटेल? तिथे तसेच वाटले. २०२३ मध्ये विंडसर येथे नवा तोडगा ठरला आणि तिथेच राहणाऱ्या मालासाठी सोपी वाट काढली गेली, पण नाका पूर्ण गेला नाही.

राज्यकर्त्यांचे आसनही डळमळले. २०१६ च्या मतदानाच्या वेळी कॅमेरून पंतप्रधान होते. त्यानंतर मे, जॉन्सन, ट्रस, सुनक आणि जुलै २०२४ मध्ये स्टार्मर. आठ वर्षांत सहा चेहरे. ज्या देशाच्या स्थिरतेवर जग विमा उतरवत असे, त्याची ही गत.

कोणती भीती खरी, कोणती खोटी?

इन्साफाने बोलायचे तर दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती केली. मतदानापूर्वी ब्रिटनच्या अर्थखात्याने सांगितले होते की बाहेर पडण्याचा कौल येताच मंदी येईल आणि लाखो लोक बेकार होतील. तसे झाले नाही. नोकऱ्या टिकल्या, लंडन ओस पडले नाही. लोक म्हणाले, बघा, सगळे खोटे होते.

पण नुकसान झाले ते आगीसारखे नव्हे, कसरीसारखे. कपाटातल्या लोकरी कापडाला कसर लागते तेव्हा पहिल्या वर्षी काही दिसत नाही. घडी उलगडतो तेव्हा भोके दिसतात. अर्थसंकल्पावर नजर ठेवणाऱ्या तिथल्या अधिकृत स्वतंत्र कार्यालयाचा अंदाज असा की बाहेर पडल्यामुळे देशाची उत्पादकता दीर्घ काळात, संघात राहिल्यास जी असती त्यापेक्षा, ४ टक्क्यांनी कमी राहील. ४ टक्के ऐकायला थोडे वाटतात. ज्याची वर्षाची उलाढाल १ कोटी आहे त्याला ते ४ लाख आहेत, तेही दरसाल.

दुसऱ्या पारड्यातही काही टाकले पाहिजे. बाहेर पडल्यावर ब्रिटनला स्वतंत्र सौदे करायची मोकळीक मिळाली. भारताची ब्रुसेल्सशी बोलणी २००७ ला सुरू झाली आणि २०१३ ला रखडली. ब्रिटनशी मात्र जानेवारी २०२२ मध्ये सुरू झालेली बोलणी २४ जुलै २०२५ ला सह्या होऊन संपली. त्या करारात भारताच्या सुमारे ९९ टक्के मालप्रकारांना ब्रिटनमध्ये शून्य ड्यूटी ठरली आहे. तयार कपड्यांवर आपल्याला १० ते १२ टक्क्यांच्या आसपास ड्यूटी पडत असे आणि बांगलादेशचा माल शून्यावर जात असे. ही दरी मिटवणारा हा करार आहे. एकाने घर सोडले, त्यात दुसऱ्याला खोली मिळाली, असे म्हणा. पण या खोलीची किल्लीही कागदावरच आहे, म्हणून पुढचा भाग.

आपण काय करावे?

एक. परदेशी सौदा चलनावर डोळा ठेवून करावा. भाव पौंडात दिला असेल तर पौंड ठराविक मर्यादेखाली गेल्यास फरक दोघांनी वाटून घ्यायचा, असे कलम ऑर्डरमध्येच घालावे. बँका पुढच्या तारखेचा दर बांधून देतात, पण चलनाच्या उधार सौद्यात शरीअतचा मसला आहे. तो आपापल्या उलमांना विचारून घ्यावा, दलालाला नव्हे.

दोन. एका गिऱ्हाइकावर, एका देशावर सगळा धंदा टांगू नये. निम्मा माल एकाच दारातून जात असेल तर दुसरे दार आजच शोधावे, पहिले उघडे आहे तोवर.

तीन. मालाचे मूळ सांगणारे कागद जपावेत. आपल्या भागात सूत तोंडी सौद्याने येते, बीम एकाच्या नावावर, माग दुसऱ्याचा, बिल तिसऱ्याचे. ताका उत्तम असतो पण तो कुठून आला ते दाखवता येत नाही. मग निर्यातदार कागदवाल्याकडे जातो आणि आपण म्हणतो नशीब. सुताचे बिल, जॉबची चिठ्ठी, माल पाठवल्याचे चलान एका फाइलमध्ये लावले तर नशीब बदलायला तिथून सुरुवात होईल.

चार. भागीदारी करताना ती मोडायची रीतही लिहावी. अल्लाहने सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला व त्यावर साक्षीदार घ्यायला सांगितले आहे. आपण दुकानावर ती आयत फ्रेम करून लावतो आणि भावाबरोबरचा लाखोंचा धंदा तोंडी चालवतो. ब्रिटनकडे बाहेर पडायचे कलम तरी होते, दोन वर्षांची मुदत होती, तरी एवढी ओढाताण झाली. आपल्याकडे ना कलम, ना मुदत. मग बापाच्या चाळिसाव्यालाच दुकानाचे कुलूप दोन भावांच्या दोन कुलपांत अडकते.

पाच, आणि हे मी सर्वात महत्त्वाचे मानतो. रागात बाहेर पडू नये. आपल्या सोसायट्या, संघटना, सायझिंगच्या भागीदाऱ्या यांत अन्याय होतो, वर्गणी जास्त वाटते, सेक्रेटरी ऐकत नाही. तक्रार खरी असेल. पण बाहेर पडण्यापूर्वी एका कागदावर दोन रकाने करावेत. सोडल्यावर काय मिळेल आणि आज फुकट मिळते त्यातले काय विकत घ्यावे लागेल. त्यावर जाणत्यांचा मशवरा घ्यावा आणि बाहेर पडून नेमके कुठे उभे राहायचे ते आधी ठरवावे. ब्रिटनच्या लोकांनी "सोडायचे का?" याचे उत्तर एका दिवसात दिले आणि "सोडून कुठे जायचे?" हे ठरवण्यात साडेचार वर्षे घालवली. त्या साडेचार वर्षांचे भाडे मात्र त्यांच्या छोट्या दुकानदारांनी भरले.

त्या फोनवाल्या निर्यातदाराचे काय झाले, असे काहीजण विचारतील. तो धंद्यात आहे. त्या खेपेचा तोटा भरून काढायला त्याला दोन वर्षे लागली. आता त्याच्या ऑर्डरवर चलनाचे कलम असते, त्याचे तीन देशांत गिऱ्हाईक आहे आणि माझ्याकडून ताका घेताना तो भावाच्या आधी सुताचे बिल मागतो. सुरुवातीला मला याचा राग यायचा. आता मी बिल काढूनच ठेवतो.

अल्लाह आपल्या सर्वांच्या हलाल रोजीत बरकत देवो. आमीन.